ड्रायर घेण्याआधी भिंत बघा: लाँड्रीच्या एक्झॉस्टचं पहिल्यापासून

लाँड्री टाकायचं ठरलं की माणूस आधी मशीनची कोटेशनं मागवतो. मग गाळ्याचं डिपॉझिट, थ्री फेज कनेक्शन, पाणी. ड्रायरची गरम हवा कुठून बाहेर जाणार हा प्रश्न निघतो तो टेम्पो दारात उभा राहिल्यावर. तोवर अ‍ॅग्रिमेंट झालेलं असतं आणि गाळ्याच्या मागची भिंत दुसऱ्याच्या गाळ्याची निघते. हॉटेलं, हॉस्पिटलं आणि आता जागोजागी निघालेल्या सेल्फ सर्व्हिस लाँड्र्या यांच्यात मशीन बसवायचं काम मी करतो. 'कपडे सुकत नाहीत, तुमची मशीन बाद आहे' म्हणून फोन येतो तेव्हा मी निघताना मशीनच्या पान्यांआधी टॉर्च आणि शिडी घेतो. दोष बहुतेक वेळा पाइपात असतो.

हा लेख साधारण १५ ते ३५ किलोच्या, हवा बाहेर फेकणाऱ्या ड्रायरसाठी आहे. मग तो गॅसवर असो, विजेवर की स्टीमवर. हीट पंपवाल्या, म्हणजे तीच हवा आतल्या आत फिरवणाऱ्या ड्रायरला बाहेर जाणारा पाइप लागत नाही. ज्यांच्या गाळ्याला बाहेरची भिंतच नाही त्यांनी सरळ तो घ्यावा. महाग पडतो, कपडे सावकाश सुकवतो, पण चुकीच्या डक्टपेक्षा बरा.

आधी हवेचा हिशेब

ड्रायर कपडे भाजून सुकवत नाही. तो खोलीतली हवा ओढतो, तापवतो, ड्रममधून फिरवतो आणि त्या हवेबरोबर पाणी बाहेर काढतो. २० किलो कोरडे कपडे धुऊन एक्स्ट्रॅक्टरमधून, म्हणजे जोरात फिरवून पाणी पिळणाऱ्या मशीनमधून निघतात तेव्हा त्यांच्यात वजनाच्या निम्म्याइतकं, म्हणजे १० लिटरच्या आसपास पाणी असतं. एक लहान बादली. अर्ध्यापाऊण तासात ही अख्खी बादली वाफ होऊन तुमच्या पाइपातून जायची आहे. पाइप अडला की वाफ अडते, वाफ अडली की कपडे ओले राहतात, मग पोरगा टायमर वाढवतो, बिल वाढतं आणि आतली उष्णताही वाढते.

पाण्यासोबत बाहेर पडतो तो लिंट. टॉवेल आणि चादरींचा बारीक कापूस. इचलकरंजीत लूमच्या शेडमध्ये वर मान करून बघितलं असेल तर छताला लोंबणारा कापूस आठवेल. तसाच, फक्त बंद पाइपात आणि गरम हवेत. ड्रायरमधली लिंट अडवायची जाळी कितीही चांगली असली तरी थोडा लिंट तिच्यातून निसटतोच. देवघरात आपण वात वळतो ती कापसाचीच. ती किती चटकन पेट घेते हे कुणाला शिकवायला नको, आणि इथे तर ती वात आपण वीस फूट लांब पाइपात आतून चिकटवत असतो. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या काळातल्या घरगुती ड्रायरच्या आगी मोजल्या. वर्षाला सुमारे २,९००, आणि त्यांतलं सगळ्यांत मोठं कारण, ३४ टक्के, वेळेवर साफसफाई न करणं. व्यापारी ड्रायर दिवसाला दहा-बारा लोड काढतो. घरातल्या ड्रायरचं आठवड्याचं काम तो दुपारपर्यंत उरकतो.

आता एक आकडा मशीनच्या पुस्तकातून काढून भिंतीवर खडूने लिहून ठेवा: सीएफएम, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा. मध्यम आकाराच्या मशीनला तो ५०० ते १,००० च्या दरम्यान असतो. समजा ८०० आहे आणि अशा दोन मशीन आहेत. तुमची खोली १५ बाय २० फुटांची, उंची १० फूट. म्हणजे ३,००० घनफूट हवा. दोन्ही मशीन मिळून मिनिटाला १,६०० घनफूट ओढतात. खोलीतली सगळी हवा दोन मिनिटांच्या आत बाहेर. तितकीच हवा आत कुठून येणार, हे ठरवल्याशिवाय पुढचं वाचू नका. पुढे त्यावर वेगळं लिहिलंच आहे.

पायरी १: जागा बघायला जाताना टेप घेऊन जा

मशीन जिथे उभी राहणार तिथून बाहेरच्या मोकळ्या हवेपर्यंत सरळ किती फूट, हे मोजा. त्या वाटेत बीम आहे का, कॉलम आहे का, ड्रेनेजची लाइन आहे का, ते बघा. मशीनच्या मागे माणूस आडवा शिरून काम करू शकेल इतकी, निदान दोन फुटांची गल्ली हवी. भिंतीला चिकटवून मशीन उभी केली की पहिल्या वर्षी जागा वाचल्यासारखी वाटते, आणि मागचा पाइप निसटला तर तो कुणालाच दिसत नाही.

इथे एक शब्दाचा घोटाळा मी बऱ्याचदा बघितला आहे. बिल्डर म्हणतो, 'काळजी करू नका, मागे डक्ट आहे.' आपल्याकडे बिल्डिंगची डक्ट म्हणजे बाथरूमच्या मागची ती उभी पोकळी, जिच्यात सांडपाण्याचे पाइप, कबुतरं आणि वरच्या मजल्यावरून पडलेले चिमटे असतात. आपली डक्ट म्हणजे पत्र्याचा पाइप. ड्रायरची हवा बिल्डरच्या डक्टमध्ये सोडून द्यायची नाही. दमट हवा वर चढते, लोकांच्या बाथरूमच्या खिडक्यांतून घरात शिरते, लिंट पाइपांवर बसतो, आणि ती पोकळी आग लागली तर धुराड्यासारखी वागते. डक्टमधून पाइप वर गच्चीपर्यंत न्यायची परवानगी मिळत असेल तर गोष्ट वेगळी. पण तो पाइप पूर्ण बंद, पत्र्याचा आणि साफ करता येण्याजोगा हवा.

तळघरातला गाळा स्वस्त मिळतो म्हणून भुलू नका. हवा वर चढवायची म्हणजे लांब पाइप, लांब पाइप म्हणजे जादा पंखा, आणि आत येणाऱ्या हवेची बोंब वेगळीच.

सोसायटीची लेखी परवानगी, नगरपालिकेचा परवाना आणि फायरचा विषय याच वेळी काढा. महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ लागू आहे. ज्या इमारतींना तो लागतो त्यांना आगीची यंत्रणा चालू असल्याचं लायसन्सधारक एजन्सीचं 'फॉर्म बी' प्रमाणपत्र जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं. गाळ्याच्या मालकाला विचारा की हे कोण देतं. तो गोंधळलेला दिसला तर तेही एक उत्तरच आहे.

पायरी २: वाट आखणं आणि माप ठरवणं

नियम दोनच: पाइप शक्य तितका आखूड, वळणं शक्य तितकी कमी. बऱ्याच व्यापारी ड्रायरच्या पुस्तकात १४ फूट पाइप आणि दोन काटकोनी वळणं अशी मर्यादा दिलेली असते. तुमच्या मशीनचा आकडा वेगळा असू शकतो, आणि चालतो तो पुस्तकातलाच; माझा नाही, पत्रेवाल्याचा तर नाहीच. वळण किती महाग पडतं याचा अंदाज हवा असेल तर अमेरिकेतला घरगुती ड्रायरचा नियम बघा: ३५ फुटांची मर्यादा, आणि प्रत्येक काटकोनी वळणामागे त्यातले ५ फूट वजा. म्हणजे चार वळणं घेतली की ३५ चे १५ उरतात.

वळण घ्यायचंच तर मोठ्या गोलाईचं घ्या. गोलाईची त्रिज्या पाइपाच्या व्यासाच्या दीडपट. पत्रेवाला पाच तुकडे जोडून छान गोल बेंड करून देतो. तोच माणूस घाईत असला की दोन तुकडे काटकोनात ठोकून आणतो. असा बेंड परत पाठवा. त्या कोपऱ्यात पहिल्या महिन्यापासून लिंट बसतो. दोन वळणं एकमेकांना लागून घेऊ नका, मध्ये सरळ तुकडा ठेवा. चौकोनी डक्ट एसीवाल्यांकडे तयार मिळते, पण तिच्या चारही कोपऱ्यांत कापूस धरतो. गोलच घ्या.

व्यास मशीनच्या तोंडाइतका. कधीही कमी नाही. आठ इंची तोंडाला सहा इंची पाइप आणि मध्ये रिड्यूसर, हे दृश्य मी पाहिलं आहे. आता 'मोठाच टाकून देऊ, हवा मोकळी जाईल' असंही म्हणाल, तर थांबा. ८०० सीएफएम हवा ८ इंची पाइपातून मिनिटाला जवळजवळ २,३०० फूट वेगाने जाते. १० इंचीत हाच वेग १,५०० च्या खाली येतो आणि १२ इंचीत १,००० च्या आसपास. वेग पडला की हवेत तरंगणारा लिंट वाटेतच बसतो. गटार फार रुंद बांधलं की गाळ साठतो, तसंच. पाइप खूप लांब न्यावाच लागला तर एक माप वाढवणं योग्य, पण ते मोजून, आणि सफाईची दारं जास्त ठेवून.

लांबी मर्यादेत बसतच नसेल तर वाटेत बूस्टर पंखा लागतो. तो ड्रायरसाठीचाच हवा, म्हणजे मोटर हवेच्या प्रवाहाबाहेर असलेला. त्याचं वायरिंग असं हवं की पंखा बंद असताना ड्रायरची हीट चालूच होऊ नये. किचनचा जुना एक्झॉस्ट फॅन लावून काम भागवणारे आहेत. त्या पंख्याची मोटर कापसात गुंडाळलेली असते, आणि पंखा काढून हातात घेतला की तो धुवायला टाकलेल्या उशीसारखा दिसतो.

पायरी ३: पत्रा, जोड, आधार

जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा, २४ गेज, म्हणजे साधारण ०.६३ मिमी. रत्नागिरी, मालवण, गोवा अशा खाऱ्या हवेत मी बाहेरचा भाग तरी स्टेनलेस स्टीलचा, ३०४ ग्रेडचा घ्यायला सांगतो. आतून दमट गरम हवा, बाहेरून खारं वारं. जीआयचा पाइप तिथे खालच्या बाजूने आधी जातो, आणि वरून बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

दोन गोष्टी अजिबात नकोत. एक, स्वयंपाकघरातल्या चिमणीला लावतात तो चंदेरी, ताणून लांब होणारा पाइप. त्याच्या वळ्यांत लिंट अडकतो, तो दबतो, फाटतो आणि जाळ लागला तर टिकत नाही. दुसरी, ड्रेनेजचा पीव्हीसी पाइप. तो ८० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतो, आणि अडलेल्या ड्रायरची हवा तिथवर सहज जाते.

जोड बसवताना एक गोष्ट पत्रेवाल्याच्या शेजारी उभं राहून बघा. हवा ज्या दिशेने जाते त्या दिशेने एक तुकडा पुढच्या तुकड्याच्या आत शिरायला हवा. उलटं केलं तर आत पत्र्याची कड हवेच्या तोंडाशी उभी राहते आणि तिच्यावर कापूस अडत जातो. घराच्या छपराची कौलं कशी एकावर एक येतात, पाणी आत न शिरता पुढे जातं; तोच हिशेब, फक्त पाइपाच्या आतून. दोन इंच तरी एकमेकांत शिरलेलं हवं. लांब स्क्रू आत बाहेर आलेले नकोत. स्क्रूची टोकं ३ मिमीपेक्षा जास्त आत आली की प्रत्येक टोक लिंटचा खुंटा होतं. मी आखूड रिव्हेट आणि बाहेरून अ‍ॅल्युमिनियम फॉइल टेप वापरतो. कापडी टेप उष्णतेने सुकून पडते.

ड्रायरच्या पुढच्या पाइपात हवा ढकलली जाते. म्हणजे जिथे फट असेल तिथून गरम, दमट, कापूसभरली हवा बाहेर फुटणार. ही फट फॉल्स सिलिंगच्या वर असेल तर तुमच्या डोक्यावर थर्माकोल, वायरिंग आणि लिंट असा थर तयार होतो आणि तो कुणी उघडून बघत नाही. म्हणून शक्यतो पाइप उघडाच दिसू द्या. दिसायला बरं दिसत नाही, हे मान्य. प्लायवूडच्या पार्टिशनमधून न्यावाच लागला तर भोवती मोकळी जागा ठेवा.

आधार दर चार-पाच फुटांवर, पट्टी किंवा अँगलचा. पाइप मध्ये झोकला की पोटात पाणी साचतं. आडव्या पाइपाला बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्या. प्रत्येक वळणाजवळ हात आत जाईल असं सफाईचं दार, फुलपाखरी नटाचं. पान्याशिवाय उघडणारं दार उघडलं जातं, पान्याचं राहून जातं.

भिंतीतून जाताना पाइपापेक्षा दोन इंच मोठं भोक कोअर कटिंगने पाडा, आत पत्र्याची स्लीव्ह बसवा आणि उरलेली फट रॉकवूल (न जळणारी दगडी लोकर) व फायर सीलंटने भरा. बीमला हात लावू नका. कॉन्ट्रॅक्टर 'छोटंसंच तर भोक आहे' म्हणेल तरी. आणि पाइपात फायर डँपर, म्हणजे आग लागली की आपोआप मिटणारं झडप, बसवायचा आग्रह कुणी केला तर समजावून सांगा: डँपरच्या पात्यावर लिंट बसून डक्टच तुंबते, म्हणून ड्रायरच्या एक्झॉस्टमध्ये तो चालत नाही. आग अडवण्यासाठी बांधलेल्या भिंतीतून जायचंच असेल तर पाइपाची वाट बदलणं किंवा त्याला वेगळी बंदिस्त शाफ्ट देणं, हा मार्ग. नकाशा फायर सल्लागाराला दाखवून घ्या.

पायरी ४: बाहेरचं टोक

टोकाला जाळी लावू नका. हे मी मुद्दाम वेगळं सांगतो आहे, कारण सगळ्यांत जास्त लावली जाते ती जाळीच. कारण विचारलं तर उत्तर एकच, कबुतरं. बरोबर आहे, कबुतरांना गरम पाइपाचं तोंड म्हणजे बाळंतिणीची खोली. पण बारीक जाळी दोन-तीन आठवड्यांत लिंटने लिंपली जाते, आणि मग आत सगळंच अडतं. त्याऐवजी हलकं झडप लावा. मशीन चालू असताना हवेने उघडतं, बंद झाली की आपल्या वजनाने मिटतं. कबुतर आत जात नाही, पावसाळ्यातलं वारं उलटं घुसत नाही. फक्त ते झडप महिन्यातून एकदा बोटाने हलवून बघायचं. गंज आणि कापूस मिळून ते अर्धवट उघडं अडकतं.

गच्चीवर टोक काढलं तर तोंड खाली वाकवा, हंसाच्या मानेसारखं, आणि गच्चीच्या फरशीपासून मी निदान तीन फूट वर ठेवतो. जुलैत गच्चीवर पाणी तुंबतं आणि थेंब उडतात ते त्याहून खाली. समोरची भिंत, टाकी, जिना तोंडाच्या अगदी पुढ्यात नको. खिडक्या, एसीचे बाहेरचे युनिट आणि स्वतःच्याच लाँड्रीची हवा आत घेणारी जाळी यांच्यापासून दहा फूट तरी लांब. एसीच्या कॉइलवर लिंट बसला की शेजारी भांडायला येतो, आणि त्याचं चुकत नाही.

किचनची चिमणी, टॉयलेटचा एक्झॉस्ट, गीझरची धुराची नळी यांपैकी कशालाही ड्रायरचा पाइप जोडू नका. तेलाची वाफ आणि कापूस एका पाइपात आले की पुढचं सांगायला नको.

पायरी ५: आत येणारी हवा

नवे लोक हीच पायरी विसरतात. बाहेर जाणारा पाइप देखणा, आणि आत येणाऱ्या हवेला जागा म्हणजे दाराखालची फट. अशा लाँड्रीत ओळखायची खूण सोपी आहे: ड्रायर चालू असताना काचेचं दार ओढायला जड जातं आणि सोडलं की धाडकन आपटतं. फटीतून शीळ वाजते. एसी लावलेला असेल तर तुम्ही पैसे मोजून थंड केलेली हवा ड्रायर गिळतो.

ढोबळ मानाने २० ते २५ किलोच्या एका मशीनमागे एक चौरस फूट मोकळी जागा धरा, आणि तिच्यावर लूव्हर, म्हणजे तिरक्या पट्ट्यांची झडपी, लावणार असाल तर क्षेत्रफळ एक तृतीयांशाने वाढवा, कारण लूव्हरच्या पट्ट्याच जागा खातात. ही मोकळी जागा मशीनच्या मागच्या गल्लीत काढली तर उत्तम. म्हणजे ग्राहकांच्या बाजूचा एसी वाचतो. मच्छरदाणीची जाळी लावलीत तर ती धुवायचं काम कुणाच्या तरी नावावर लिहा.

गॅसच्या ड्रायरला हा प्रश्न फक्त बिलाचा राहत नाही. हवा कमी पडली की गॅस नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, ज्याला वास नसतो. त्याच खोलीत गॅसचा गीझर किंवा बॉयलर असेल तर ड्रायर त्याचा धूर धुराड्यातून उलटा खोलीत ओढतो. म्हणून दोन्ही एका खोलीत ठेवू नका. गॅस गळतीचा डिटेक्टर एलपीजीसाठी जमिनीपासून वीतभर उंचीवर, कारण एलपीजी हवेपेक्षा जड आणि खाली साचतो. पाइपलाइनचा पीएनजी हलका, त्याला छताजवळ. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा घ्यावा लागतो. गळतीचा डिटेक्टर तो ओळखत नाही.

दोन-तीन मशीन एका डक्टला

जमेल तोवर प्रत्येकीचा पाइप वेगळा. जमत नसेल तर मुख्य पाइप प्रत्येक मशीनच्या जोडानंतर वाढत गेला पाहिजे, नदीला ओढे मिळत जातात तसा, आणि प्रत्येक ओढा तिरका, ४५ अंशांत किंवा त्याहून निमुळता मिळाला पाहिजे. समोरासमोर काटकोनात दोन मशीन जोडल्या की त्या एकमेकींच्या तोंडात हवा मारतात. प्रत्येक मशीनच्या पाइपात उलटी हवा अडवणारं झडप हवंच. नाहीतर बंद पडलेल्या तिसऱ्या मशीनच्या ड्रममध्ये पहिल्या दोघींचा लिंट आणि वाफ येऊन बसते. सकाळी दार उघडलं की आत दमट वास येतो, आणि मालकाला वाटतं पोराने ओले कपडे विसरले.

चालू करण्याआधी: निळीच्या पाण्याची परीक्षा

पाइपातला दाब बघायला महागडं मीटर नसलं तरी चालतं. पारदर्शक नळीचा दोन फुटांचा तुकडा घ्या, इंग्रजी यू अक्षरासारखा वाकवून लाकडी फळीवर बसवा, मागे मिलिमीटरचा कागद चिकटवा. आत पाणी भरा, त्यात चिमूटभर नीळ. लाँड्रीत ती असतेच. एक थेंब साबण टाकला की पाणी नळीला चिकटत नाही, रेघ स्वच्छ दिसते. आता मशीनपासून दोन-तीन फुटांवर, सरळ भागात पाइपाला ३ मिमीचं भोक पाडा. नळीचं एक टोक त्या भोकावर बाहेरून दाबून धरा, आत खुपसू नका. दुसरं टोक मोकळं.

लिंटची जाळी साफ करून, ड्रम रिकामा ठेवून मशीन चालू करा. दोन्ही बाजूंच्या पाण्यात पडलेला फरक वाचा. बऱ्याच उत्पादकांची मर्यादा ०.३ इंच पाणी असते, म्हणजे साडेसात मिलिमीटर. तुमच्या पुस्तकात काय आहे ते बघा. फरक त्याहून जास्त आला तर पाइप लांब आहे, वळणं जास्त आहेत किंवा आत काही अडलंय. पत्रेवाल्याच्या हातमोज्याची जोडी मी एकदा अशीच शोधून काढली होती. फरक जवळजवळ शून्य आहे आणि तरी कपडे सुकत नाहीत? मग पाइप नाही, आधी येणारी हवा बघा. खोलीचं दार उघडं ठेवून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर चोर सापडला. नाही वाढला तर लिंटची जाळी, नाहीतर पंख्याचा पट्टा. भोक नंतर फॉइल टेपने बंद करा आणि तारीख-आकडा मशीनच्या अंगावर लिहा. सहा महिन्यांनी तुलना करायला हाच आकडा लागतो.

याच वेळी हवेचा स्विच तपासा. ड्रायरमध्ये एक पातळ पत्र्याचं पान असतं. हवा पुरेशी असली की ते उचललं जातं आणि हीट चालू होते, हवा कमी पडली की पान पडतं आणि हीट बंद. कोकणातल्या एका हॉटेलात टॉवेलच्या कडा तपकिरी यायला लागल्या म्हणून मला बोलावलं. मागचं झाकण काढलं तर हे पान तांब्याच्या वायरने बांधलेलं. आधीच्या मेकॅनिकला सांगितलं होतं, 'हीट येत नाही, काहीतरी करा.' त्याने केलं. पाइपाचं दार उघडलं तर आतून लिंटचा थर घोंगडीसारखा सोलून निघाला, आणि त्याच्या आतल्या कडा करपलेल्या होत्या. तिथे त्या आठवड्यात आग लागली नाही एवढंच. हीट येत नाही याचा अर्थ बहुतेकदा तो स्विच आपलं काम करतोय.

तेलकट कपड्यांचं वेगळं

स्पा, मसाज सेंटर, पंचकर्म यांच्या चादरी आणि हॉटेलच्या किचनची फडकी घेत असाल तर डक्ट कितीही चांगली असून पुरत नाही. तिळाचं किंवा इतर वनस्पती तेल कापडात राहिलं, कापड ड्रायरमधून गरमच निघालं आणि तसंच घडी घालून ढीग केलं, तर ते तेल हवेतल्या ऑक्सिजनबरोबर आपोआप तापत जातं. ढिगाच्या पोटात उष्णता अडकते आणि रात्री, दुकान बंद असताना, धूर निघतो. हा माल गरम पाण्यात आणि पुरेशा अल्कलीत दोनदा धुवा. वास राहिला तर ड्रायरमध्ये टाकूच नका, दोरीवर. शेवटची थंड हवेची पाच-दहा मिनिटं कधीही मध्ये तोडू नका, दुकान बंद करायची घाई असली तरी. आणि गरम ढीग ट्रॉलीत ठेवून घरी जाऊ नका.

रोजचं आणि महिन्याचं

लिंटची जाळी प्रत्येक लोडनंतर. निदान दर दोन लोडांनी. त्याहून कमी चालणार नाही. पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, मशीन दिवसरात्र फिरते, तेव्हा जाळीच्या मागचा कप्पा रोज रात्री ब्रशने. वळणांवरची दारं महिन्यातून एकदा उघडून आत हात फिरवायचा. पूर्ण पाइप सहा महिन्यांतून एकदा, लांब दांड्याच्या गोल ब्रशने आणि व्हॅक्यूमने. मी एकदा मेअखेर आणि एकदा दिवाळीनंतर करायला सांगतो, कारण पावसाळ्याआधी तो साफ हवा आणि दिवाळीच्या चादरी-पडद्यांनी तो भरतो. सफाईआधी मेन स्विच आणि गॅसचा व्हॉल्व्ह बंद. काँप्रेसरची हवा मारून लिंट खोलीभर उडवू नका, तो मोटरवर आणि बर्नरवर जाऊन बसतो.

ड्रममधून धूर दिसला तर दार उघडू नका. उघडलं की आत ताजी हवा जाते आणि भडका उडतो. वीज आणि गॅस बंद, माणसं बाहेर, १०१ किंवा ११२. गॅसचा व्हॉल्व्ह मशीनच्या मागे असेल तर त्या क्षणी तिथवर कुणी पोचत नाही. म्हणून बसवतानाच एक व्हॉल्व्ह दाराजवळ घ्या आणि त्याच्यावर लाल रंगाने लिहा. पोरं बदलतात, रंग राहतो. नव्या पोराला पहिल्या दिवशी इस्त्री शिकवण्याआधी तो व्हॉल्व्ह बंद करून दाखवायला लावा, तुम्ही न सांगता, त्याने शोधून.